खाण्याचा सोडा : त्याचें सामर्थ्य व त्याची मर्यादा

ज्या घरांत खाण्याचा सोडा नाहीं असें घर आपल्याकडे विरळाच. ढोकळा फुगविण्यासाठीं, हरभरे लवकर शिजविण्यासाठीं, चिमूटभर सोडा लागतो म्हणून मांडणीवरील एखाद्या लहानशा डब्यांत तो असावयाचाच. हाच सोडा भांडीं घांसण्यास, डाग काढण्यास व दुर्गंधी घालविण्यास उपयोगी पडतो, हेंही पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तो कोणता मळ काढतो, कोणता काढीत नाहीं, आणि असें कां होतें, ह्याचा विचार फारच थोडे करतात. कोणी त्यास सर्व दुखण्यांवरील एकच मात्रा समजून प्रत्येक डागावर चोळतात. कोणी त्यांत लिंबू पिळून, फेस उसळलेला पाहून, आतां मळाची धडगत नाहीं असें मानतात. आणि गुण न आल्यास सोडा कुचकामाचा ठरवून बाजारांतून तीव्र अम्लाची बाटली आणतात. ह्या सर्व घोंटाळ्याचें मूळ एकच आहे, तें म्हणजे वस्तूचा स्वभाव न ओळखणें. तो स्वभाव ओळखण्याचा यत्न आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहोंत. वर्गांत शिकलेलें रसायनशास्त्र घरच्या मोरीपर्यंत पोहोंचलें, तरच त्याचें चीज झालें असें आम्हांस वाटतें.

प्रथम आपल्या आजीच्या काळच्या मोरीकडे दृष्टि टाकूं. तेथें एका कोपऱ्यांत चुलींतील राख असे व दुसऱ्या कोपऱ्यांत चिंचेचा कोळ, नाहीं तर आमसुलाचा चोथा. तेलातुपाचें भांडें आलें कीं हात राखेकडे जाई. तांब्यापितळेचें भांडें काळवंडलें कीं चिंचेकडे जाई. तिनें रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलें नव्हतें, परंतु त्यांतील एक मोठा सिद्धान्त तिच्या बोटांस माहीत होता. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा खार असतो, आणि खार ओशट मळास सोडवितो. चिंच, आमसूल, लिंबू ह्यांत अम्ल असतें, आणि अम्ल धातूवर चढलेल्या काळपट थरास विरघळवितें. रसायनशास्त्रांत अम्लाच्या उलट गुणाच्या अशा खारट-तुरट, हातास बुळबुळीत लागणाऱ्या पदार्थांस अल्क म्हणतात. अम्ल आणि अल्क हे एकमेकांचे विरोधी आहेत. एक दुसऱ्याचा गुण मारतो. खाण्याचा सोडा हा त्या राखेचा सौम्य व स्वच्छ वारस आहे, इतकें ध्यानांत धरलें म्हणजे ह्या लेखांतील निम्मी गोष्ट समजली.

सोडा हें नांव मात्र एका वस्तूचें नसून एका कुटुंबाचें आहे, आणि येथें फार सावध असलें पाहिजे. ह्या कुटुंबांत तीन भावंडें आहेत. धाकटा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हा इतका सौम्य कीं आपण तो अन्नांत घालतों. मधला धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. हा बराच तीक्ष्ण असून कपड्यांच्या मळास चांगला, पण हातांच्या कातडीस वाईट. आणि थोरला दाहक सोडा, ज्यास बाजारांत कॉस्टिक सोडा म्हणतात. हा कातडी जाळतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टि घालवितो, आणि गिळला गेल्यास घसा व अन्ननलिका भाजून काढतो. तिघेही पांढरे. चूर्ण करून तीन वाट्यांत ठेवल्यास नुसत्या नजरेनें ओळखणें कठीण. म्हणून कोणताही सोडा नांवाच्या चिठ्ठीवांचून डब्यांत ठेवूं नये, व दाहक सोडा तर स्वयंपाकघरांत मुळींच आणूं नये. ओळख पटविण्यासाठीं पांढरी पूड जिभेवर ठेवून पाहण्याची खोड कित्येकांस असते. ती आजच सोडावी.

ह्या कुटुंबाचा इतिहासही मनोरंजक आहे. प्राचीन मिसर देशांत वाळवंटांतील आटलेल्या सरोवरांच्या कांठीं नॅट्रॉन नांवाचा खार मिळे. त्यांत धुण्याचा व खाण्याचा असे दोन्ही सोडे मिसळलेले असत. मिसरी लोक अंग व वस्त्रें धुण्यास तो वापरीत, आणि मृतांचीं शरीरें वाळवून टिकविण्यासही तोच वापरीत. सोडियम ह्या मूलद्रव्याचें चिन्ह 'एनए' असें कां लिहितात, हें विद्यार्थ्यांस कोडें वाटतें. तें ह्याच नॅट्रॉनवरून आलेल्या नेट्रियम ह्या लॅटिन नांवाचें संक्षिप्त रूप आहे. आपल्या महाराष्ट्रांतही असें एक खारें सरोवर आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें उल्कापातानें काळ्या पाषाणांत झालेल्या विवरांत तें सांठलेलें असून, त्याचें पाणी सोडियमच्या क्षारांमुळें अल्कधर्मी आहे.

निसर्गांतील हा सांठा जगाच्या साबणास व कांचेस पुरेना, तेव्हां फ्रान्समधील निकोलस लब्लाँ ह्यानें साध्या मिठापासून सोडा करण्याची युक्ति काढली व १७९१ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पुढें राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा कारखाना जप्त झाला, आणि १८०६ सालीं विपन्नावस्थेंत त्याचा अंत झाला. त्याच्या पद्धतींत हायड्रोक्लोरिक अम्लाचा वायु बाहेर पडे व आसपासचीं झाडेंझुडपें करपून जात. म्हणून इंग्लंडांत १८६३ सालीं त्या वायूस आळा घालणारा कायदा करावा लागला. इकडे १८६१ सालीं बेल्जमचा अर्नेस्ट सोल्व्हे ह्यानें मीठ, अमोनिया व चुनखडी ह्यांच्या साहाय्यानें सोडा करण्याची अधिक निर्दोष रीत सिद्ध केली. ह्या रीतींत आधीं खाण्याचा सोडाच तळाशीं बसतो, व तो तापवून धुण्याचा सोडा करतात. आपल्या देशांत सौराष्ट्राच्या समुद्रकांठीं मिठापूर येथें १९३९ सालीं स्थापन झालेली टाटा केमिकल्स ही कंपनी समुद्राच्या मिठापासून सोडा तयार करूं लागली. पैशादोन पैशांची वाटणारी ही पूड आपल्या डब्यांत येण्यापूर्वीं किती बुद्धिमान माणसांच्या हातांतून गेली आहे, हें पाहण्यासारखें आहे.

आतां सोड्याच्या अंगचे गुण पाहूं. पहिला गुण त्याचा सौम्य अल्कधर्म. जुन्या, खवट झालेल्या तेलांत स्निग्धाम्लें सुटीं झालेलीं असतात. सोडा त्यांच्याशीं संयोग पावून किंचित् साबण बनवितो, आणि ओशटपणा पाण्यांत मिसळून निघून जातो. दुसरा गुण त्याच्या कणांचा मऊपणा. कोरडा अथवा अर्धवट भिजलेला सोडा हातास रवाळ लागतो, म्हणून तो मळ खरवडतो. परंतु त्याचे कण कांचेपेक्षां व पोलादापेक्षां पुष्कळ मऊ असल्यामुळें वाळूसारखे ओरखडे पाडीत नाहींत, आणि पाणी घालतांच विरघळून जातात. तिसरा गुण उष्णतेचा. सोडा तापविला म्हणजे त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड वायु व पाण्याची वाफ निघून जाते, आणि मागें धुण्याचा सोडा उरतो. १०० ग्रॅम सोडा पुरता तापविल्यास सुमारें ६३ ग्रॅम शेष राहतो. कढत पाण्यांतही हें रूपांतर हळूहळू होतें. म्हणूनच थंड पाण्यांतील सोड्यापेक्षां कढत पाण्यांतील सोडा अधिक कामसू असतो.

हें आम्ही सांगतों म्हणून मानूं नका. घरांतील वडील मंडळींस जवळ बसवून स्वतः करून पाहा. सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावतांच तांबडा होतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. हळद ही अल्काची परीक्षा करणारी घरगुती कसोटी होय. थोडी हळद पाण्यांत कालवून तींत टीपकागदाच्या पट्ट्या बुडवाव्या व वाळवाव्या. एका पट्टीवर साध्या पाण्याचा थेंब टाकला तर ती पिवळीच राहील. दुसरीवर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला तर ती तांबूस होईल. मग दोन चमचे सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर मध्यम आंचेवर पंधरावीस मिनिटें परतावा, पूर्ण निवूं द्यावा, व त्याचें पाणी करून तिसऱ्या पट्टीवर थेंब टाकावा. हा डाग अधिक गडद तांबडा दिसेल. तव्यावर धाकट्याचा मधला भाऊ झाला, ह्याची ही साक्ष. हा भाजलेला सोडा खाऊं नये, डोळ्यांजवळ नेऊं नये, व प्रयोगानंतर हात धुवावे.

आतां सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. वाटींत सोड्याचें पाणी घेऊन त्यांत लिंबाचा रस हळूहळू घाला. फेस उसळेल. फेस येण्याचें थांबेपर्यंत रस घालीत जा, आणि मग त्या पाण्याचा थेंब हळदीच्या चौथ्या पट्टीवर टाका. पट्टी पिवळीच राहील! सोड्याचा अल्कधर्म गेला. आणि त्याच्या पायीं लिंबाचा आंबटपणाही खर्ची पडला. दोन शूर वीर एकमेकांशींच लढून पडावे, आणि शत्रु उभा तो उभाच राहावा, तसा हा प्रकार आहे. सोडा आणि लिंबू, अथवा सोडा आणि शिर्का, ह्यांचें मिश्रण करून ठेवण्याचे जे नुसखे हातोहातीं फिरतात, त्यांत मळ काढण्याचें सामर्थ्य फारसें उरत नाहीं. फेसाच्या खळबळीनें एखादा चिकटलेला कण सुटतो, इतकाच काय तो लाभ. शिवाय असें मिश्रण झांकण लावून बाटलींत भरल्यास वायूच्या दाबानें बाटली फुटण्याचें भय असतें. दोन्ही वापरावयाचे असल्यास एक आधीं वापरून, पाण्यानें धुऊन, मग दुसरा वापरावा.

येथवर तत्त्व झालें, आतां व्यवहार. करपलेलें पोलादी पातेलें खरवडीत बसूं नये. तळ बुडेल इतकें पाणी व एक मोठा चमचा सोडा घालून तें दहा मिनिटें उकळावें व निवूं द्यावें. करपट बरीच सैल होते. चहाच्या थर्मासांत ऊन पाणी व चमचाभर सोडा घालून रात्रभर ठेवल्यास तपकिरी डाग सुटतात. मात्र झांकण घट्ट लावूं नये, कारण ऊन पाण्यांत सोड्यांतून वायु सुटत असतो. शेगडीच्या ओट्यावरील ओशट थरावर तीन भाग सोडा व एक भाग पाणी ह्यांचा लेप पंधरा मिनिटें ठेवून ओल्या फडक्यानें पुसावा. शीतकपाट आंतून पुसण्यास एक लिटर ऊन पाण्यांत दोन मोठे चमचे सोडा पुरे होतो. शहाबादी फरशी ही चुनखडीच्या जातीची असते. अम्ल पडतांच ती खाल्ली जाते व तिची झिलई उडते. अशा फरशीवरील डागास अम्लापेक्षां सोडाच बरा.

वासाच्या बाबतींतही अम्ल-अल्काचा न्याय लागू पडतो. नासलेल्या दुधाचा अथवा आंबलेल्या डब्याचा वास हा अम्लांचा वास असतो. तेथें सोड्याच्या पाण्यानें विसळावें. परंतु मासळीचा वास अल्कधर्मी द्रव्यांचा असतो. तेथें सोडा निरुपयोगी, आणि लिंबू किंवा चिंच गुणकारी. कोंकणांतील व गोमंतकांतील गृहिणी मासळी चिरल्यावर हातांस चिंच वा लिंबू चोळतात, तें कांहीं उगीच नव्हे.

फळांविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं सफरचंदांवर दोन कीटकनाशकें लावून तीं निरनिराळ्या प्रकारें धुऊन पाहिलीं. एक लिटर पाण्यास १० ग्रॅम ह्या प्रमाणांत घेतलेल्या सोड्याच्या पाण्यांत बारा ते पंधरा मिनिटें ठेवल्यानें सालीवरील अंश साध्या पाण्यापेक्षां अधिक चांगला निघाला; परंतु जो अंश सालींत मुरला होता, तो मात्र निघाला नाहीं. ह्यावरून सोड्यानें धुतलेलें प्रत्येक फळ निर्विष झालें असें कोणी समजूं नये.

चांदीच्या बाबतींत सोडा एक निराळाच चमत्कार करतो. हवेंतील गंधकयुक्त वायूंमुळें चांदीवर काळा थर चढतो. तो घांसून काढल्यास चांदीचा अंशही झिजतो. त्याऐवजीं कांचेच्या अथवा चिनी मातीच्या पात्रांत ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरून, त्यावर चांदीचें भांडें टेंकेल असें ठेवावें, आणि चमचाभर सोडा घातलेलें कढत पाणी ओतावें. थोड्याच वेळांत काळिमा नाहींसा होऊं लागतो. येथें सोडा वाट मोकळी करून देतो. खरें काम ॲल्युमिनियम करतें. तें गंधकाशीं बांधलेल्या चांदीस सोडवून पुन्हां चांदीरूपानें तेथेंच ठेवतें. खडे जडविलेल्या दागिन्यांवर मात्र हा प्रयोग करूं नये.

ह्याच प्रयोगांतून सोड्याची एक मर्यादाही दिसते. ॲल्युमिनियमच्या अंगावर जें नैसर्गिक संरक्षक कवच असतें, तें कढत सोड्यानें बिघडतें व भांडें काळें पडतें. म्हणून ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत सोड्याचें पाणी उकळूं नये. तांब्यापितळेवरील काळिमा सोड्यानें जात नाहीं. तेथें चिंचच पाहिजे. पाणी तापविण्याच्या भांड्यांत सांचलेला पांढरा थर चुन्याचा असतो. त्यावर सोडा कितीही घाला, तो हालत नाहीं, पण लिंबानें विरघळतो. रेशीम व लोंकर हे प्राणिज धागे अल्कानें कमकुवत होतात. त्यांस सोडा लावूं नये. आणि मुख्य म्हणजे सोडा हा रोगजंतूंचा भरंवशाचा नाशक नव्हे. आजाऱ्याची खोली, शौचकूप, कच्चें मांस चिरलेली फळी ह्यांस त्याच्या भरंवशावर सोडणें धोक्याचें आहे. भांडें चकचकीत दिसणें निराळें आणि निर्जंतुक असणें निराळें.

सामर्थ्य व मर्यादा ह्या दोहोंचें एकत्र उदाहरण न्यूयॉर्क बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यांत पाहावयास मिळतें. १९८६ सालच्या शतसांवत्सरिक उत्सवापूर्वीं त्याचा जीर्णोद्धार झाला. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा सुमारें अडीच मिलिमीटर जाडीचाच, आणि त्याच्या आंतील बाजूस जुन्या डांबराचा थर घट्ट बसलेला. वाळूचा मारा केला असता तर पत्राच झिजला असता. तेव्हां कारागिरांनीं खाण्याच्या सोड्याची पूड दाबाच्या हवेनें मारून तो थर काढला, आणि तांब्यास इजा झाली नाहीं. परंतु कांहीं पूड सांध्यांच्या फटींतून बाहेर झिरपली व पुतळ्याच्या हिरव्या थराचा रंग बदलूं लागली. म्हणून बाहेरील बाजू पाण्यानें धुऊन काढावी लागली. जी वस्तु आंत मित्र ठरली, तीच बाहेर डाग पाडूं लागली.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, तें सांगून आवरतें घेतों. सोड्याची मर्यादा दिसली कीं अधीर माणूस एकदम तीव्र द्रव्यांकडे वळतो, आणि एकानें भागलें नाहीं तर दोन एकत्र करतो. मोरी धुण्याचें अम्ल व कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनयुक्त द्रावण हीं दोन एकत्र आलीं म्हणजे क्लोरीन नांवाचा विषारी वायु निघतो. कोंडलेल्या न्हाणीघरांत त्यानें फुप्फुसांस गंभीर इजा होते, क्वचित् प्राणही जातो. ह्या द्रव्यांच्या बाटल्या कधींही एकामागून एक एकाच जागीं ओतूं नयेत. आणि हीं द्रव्यें रोज कोण हाताळतें? बहुतेक घरांत आई, मोठी बहीण, अथवा भांडीं घांसावयास येणाऱ्या मावशी. अम्लानें व तीक्ष्ण सोड्यानें बोटांच्या पेरांस भेगा पडतात त्या त्यांच्या. त्या भेगा ज्या पोलादी ताटाच्या चकाकीमागें आहेत, त्याच ताटांत आपण जेवतों.

म्हणून, विद्यार्थी मित्रांनो, आमची एवढीच सूचना आहे. येत्या सुटींत घरांतील पांढऱ्या पुडींच्या सर्व डब्यांवर सुवाच्य अक्षरांत नांवें लिहा. अम्लाची बाटली लहान भावंडांच्या हातीं न लागेल अशा ठिकाणीं ठेवा. हळदीच्या पट्ट्या करून आईला व मावशींना प्रयोग दाखवा, आणि ओशटास सोडा, काळवंडल्या पितळेस चिंच, जंतूंस उकळतें पाणी किंवा योग्य औषध, हा क्रम मोरीजवळ लिहून लावा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांनीं हा खटाटोप आरंभिल्यास त्यांस अडवूं नये. एखादी वाटी हळदीनें पिवळी झाली तर ती कशानें निघेल, हें तींच आपणांस सांगतील.